दारं काढून गाडी आणू नका
उघड्या मस्टँगची बॉडी मजबूत करून घेण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

मजबुतीसाठी येणाऱ्या बऱ्याच गाड्या आमच्या दारात उतरतात त्या अशा: दारं काढलेली, सीट आणि कार्पेट उपसलेलं, इंजिन मागून वेगळ्या टेम्पोत. मालकाने हे चांगल्या हेतूनेच केलेलं असतं, आमचे दोन दिवस वाचावेत म्हणून. होतं उलटं. गाडी मुळात किती वाकली होती हे कळायची खूणच नाहीशी झालेली असते. ती शोधायला आठवडा जातो आणि तो आठवडा शेवटी बिलात येतो.

पत्रक प्रामुख्याने 1965 ते 1970 च्या फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबलसाठी, म्हणजे कापडी हूडच्या उघड्या गाडीसाठी, आहे. इतर गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

मस्टँगला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. पुढचे दोन रेल, म्हणजे पत्र्याचे लांब तुळयांसारखे भाग, इंजिनखालून येऊन पुढच्या फ्लोअरखाली संपतात, मागचे रेल मागच्या चाकांच्या पुढे सुरू होतात. मधल्या भागात उरतो फक्त फ्लोअरचा पत्रा आणि दोन्ही बाजूंचे रॉकर, म्हणजे दाराखालचे उंबरे. हार्डटॉपमध्ये, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीत, छत वरून ताण घेतं. उघड्या गाडीत ते नाही, म्हणून फोर्डने जाड आतले रॉकर, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत टॉर्क बॉक्स (रेल आणि रॉकर यांना जोडणारी पत्र्याची पेटी) आणि सीटखाली फ्लोअरला जादा पत्रा दिला. कापडी हूड वर चढवल्याने मजबुतीत काही फरक पडत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

रॉकर गंजला की नुसता पत्रा कमी होत नाही, बंद पेटी उघडी पडते. उदबत्तीच्या पुड्याची पुठ्ठ्याची नळी हातात घेऊन पिळून बघा. मग तीच ब्लेडने लांबीभर चिरा आणि पुन्हा पिळा. 50 मिमी व्यासाच्या, 2 मिमी जाडीच्या लोखंडी नळीला अशी चीर पडली तर पिळाविरुद्धचा तिचा कडकपणा चारशे पटींहून जास्त घटतो. वजन मात्र तेवढंच राहतं. रॉकरचा खालचा जोड फुगून सुटला असेल तर वर पुटी मारून चकचकीत केलेली गाडीही आतून चिरलेली नळीच असते.

आता दारांविषयी, कारण सगळं अडतं ते तिथे. गाडी मध्ये बसली, म्हणजे मध्यभागी खचली, की पुढचा आणि मागचा खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात. दाराच्या मागच्या कडेचा गॅप वर मिटतो आणि खाली फाकतो, कुलपापाशी रंग घासला जातो, हूडचे पिन विंडशील्डच्या चौकटीत सरळ बसत नाहीत. हे सगळं दार जागेवर असतं तेव्हाच दिसतं. दार हीच आमची मोजपट्टी.

इंजिनचंही तसंच. 289 व्ही-8 चं वजन दोनशे किलोच्या आसपास असतं. ते काढलं की नाक हलकं होऊन बॉडीचा आकार बदलतो. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी मध्ये धरून उचलली की नाक खाली लोंबतं आणि दारांचे गॅप वर उघडतात. या दोन्हीपैकी कुठल्याही अवस्थेत रॉकर वेल्ड केले तर चुकीचा आकार कायमचा पक्का होतो. इंजिन परत बसवल्यावर दार लागत नाही, मग कोणीतरी दाराची कड ग्राइंडरने घासतो. नवा रॉकर कापून पुन्हा बसवणं हे पहिल्या कामाच्या दुप्पट काम आहे.

घरी दोन मिनिटांत करण्यासारखी एक तपासणी आहे. दार अर्धं उघडा आणि मागचं टोक दोन्ही हातांनी वर उचला. ते खडखडत हललं तर बिजागरीच्या पिन आणि बुश झिजले आहेत. हे स्वस्तातलं काम आहे, आधी ते करा. टोक हललं नाही आणि तरीही वरचा गॅप मिटलेला असेल, तर बॉडी बसली आहे.

आमच्याकडे काम या क्रमाने होतं. गाडी लेव्हल करून मागचा अ‍ॅक्सल आणि पुढचे लोअर आर्म यांच्याखाली घोड्या लावतो, म्हणजे स्प्रिंगांवर चाकांवर असतो तसाच भार राहतो. लेव्हल पाण्याच्या नळीने बघतो. लोअर आर्मचे बोल्ट आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचे पुढचे डोळे यांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करतो आणि कर्ण मोजतो. दोन कर्णांत 3 मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर गाडी नुसती बसलेली नाही, कधीतरी ठोकलेली आहे. मग पुढचं बोलणं वेगळं होतं.

त्यानंतर रॉकरखाली लाकडी ठोकळा ठेवून स्क्रू जॅक, एका वेळी पाव फेरा. प्रत्येक फेऱ्यानंतर दार उघडून, लावून बघायचं. गॅप साधारण 5 मिमी हवा. वरच्या टोकाला आम्ही अर्धा मिमी जास्त ठेवतो, कारण जॅक काढल्यावर बॉडी तेवढी खाली येते. (गॅप केसाइतकेही सारखे हवेत असा हट्ट धरणाऱ्यांना नम्र विनंती: कारखान्यातून निघतानाही ते तसे नव्हते.) गॅप जुळले की बिजागरीच्या बोल्टपासून कुलपाच्या खांबापर्यंत टर्नबकलचा (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा) दांडा घट्ट करतो. दारं निघतात ती त्यानंतर, आणि कापाकापी त्याच्याही नंतर.

एका वेळी एकच बाजू उघडतो. आधी टॉर्क बॉक्स आणि रॉकर, मग फ्लोअर. मिग वेल्डिंगला 0.8 मिमी तार, 25 मिमीचा टाका, पुढचा टाका लांब दुसरीकडे. हात टेकवता येईल इतका पत्रा थंड झाल्याशिवाय त्या जागी परत जात नाही. सलग शिलाई मारली तर अर्ध्या तासात उंबरा केळ्यासारखा वाकतो. काम रेंगाळतंय असं वाटलं तर ते यामुळे.

पुढचे-मागचे रेल जोडणाऱ्या सबफ्रेम कनेक्टरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. हार्डटॉपसाठी बनवलेलं किट कन्व्हर्टिबलला जसंच्या तसं बसत नाही. सीटखालचा जादा पत्रा आडवा येतो. तो पत्रा कापून किट बसवून देणारेही आहेत, आम्ही देत नाही. आम्ही 60×40 मिमीची, 3 मिमी जाडीची चौकोनी नळी त्या पत्र्याच्या आकाराला खाच देऊन बसवतो. दोन्ही बाजू मिळून दहा किलोच्या आसपास वजन वाढतं. नळी उभी बसवली तर आडवीपेक्षा वाकण्याविरुद्ध जवळजवळ दुप्पट कडक असते, पण 20 मिमी जास्त खाली लोंबते. गाडी सोसायटीच्या गतिरोधकांवरून रोज जाणार असेल तर आडवी घ्या.

नुसत्या बोल्टवर बसणारी किट आम्ही टाळतो. बोल्टचं भोक जरा मोठं झालं की नळी वजनापुरती उरते. नळीची टोकं तिरकी कापून खाली रुंद प्लेट देतो. 3 मिमीची नळी पातळ पत्र्यावर सरळ संपवली तर नेमक्या त्या कडेला तडा जातो.

बॉनेटखालची दोन कामं, म्हणजे काउलपासून (विंडशील्डपुढची पत्र्याची पेटी) दोन्ही शॉक टॉवरना (पुढचे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर धरणारे पत्र्याचे मनोरे) धरणारा एकसंध एक्स्पोर्ट ब्रेस आणि दोन टॉवरमधला माँटे कार्लो बार, कमी खर्चात चांगला गुण देतात. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये, म्हणजे मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत, दोन्ही होते. जुन्या गाडीत टॉवर आत झुकलेले असतात, बारची भोकं जुळत नाहीत. भोक लांबट करून बार बसवू नका. टॉवर आधी जॅकने मूळ मापावर फाकवावे लागतात आणि नंतर अलाइनमेंट करावीच लागते.

पत्रा नवा घालून आत पाणी येतच राहिलं तर सगळं फुकट. विंडशील्डपुढच्या जाळीत तांब्याने दोनेक लिटर पाणी हळूहळू ओता आणि डॅशखाली बॅटरी मारून बघा. कार्पेट ओलं झालं तर काउल आतून गंजला आहे आणि तेच पाणी फ्लोअर आणि टॉर्क बॉक्स खातंय. मुंबई-कोकणातल्या गाड्यांना हे आधी करून घ्या. रॉकरच्या तळाची भोकं अंडरकोटिंगने बुजवू नका. ती पाणी निघायला ठेवलेली असतात. आम्ही काम झाल्यावर आतून मेण फवारतो, ते मूळ दरातच येतं.

कॅमॅरो आणि फायरबर्डची (1967-69) पुढची सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्ट केलेली असते. तिथे सुरुवात बुशांपासून. कॅमॅरो कन्व्हर्टिबलच्या चार कोपऱ्यांत तेलात बुडालेल्या वजनांचे डबे असतात, ते थरथर शोषायला कंपनीनेच दिलेले आहेत. भंगार समजून काढू नका. शेव्हेल आणि जीटीओला पूर्ण फ्रेम आहे. तिथे बहुतेक वेळा बॉडी माउंटची रबरं बदलल्यावर अर्धी तक्रार संपते.

हार्डटॉपइतकी कडक होईल का? नाही. खड्ड्यात आरसा थरथरायचा कमी होईल, स्टीअरिंग हातात स्थिर वाटेल, दार एका हाताने लागेल. यापेक्षा जास्त कबूल करणाऱ्याला रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) घालायचा आहे असं समजा.

गाडी आणताना इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा, सीट, सगळं जागेवर असू द्या. बॅटरी आम्ही काढतो. पेट्रोल टाकी जवळपास रिकामी हवी, कारण मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो आणि मागच्या वेल्डिंगआधी ती उतरवावीच लागते. गाडी चालत नसेल तर फ्लॅटबेडवर आणा, पट्टे चाकांना बांधा, रॉकरला नाही. मोजमापाची फी वेगळी आहे, काम आमच्याकडे केलंत तर ती बिलातून वजा होते. दुसरीकडे करणार असाल तरी मापांचा कागद तुम्हाला मिळतो.