पाइपला सरकू द्या, घरंगळू देऊ नका

हातगाडीवर संत्री रचणाऱ्याला विचारा: कडेची फळी काढली तर आधी कोण पळतं? वरचं संत्रं नाही, खालच्या रांगेतलं कडेचं. रेल्वेच्या वाघिणीवर पोलादी पाइप रचतानाही हीच भीती असते. फरक एवढाच, की 1219 मिमी व्यासाचा, 20 मिमी जाडीचा, 12 मीटर लांब पाइप एकटाच सुमारे 7 टन भरतो.

दोन पाइपांच्या खाचेत तिसरा बसवला, की तो पाचरीसारखं काम करतो. खालच्या प्रत्येकाला तो आपल्या वजनाच्या साधारण 29 टक्के जोराने बाहेर ढकलतो, म्हणजे 2 टन. तेही गाडी जागची हललेली नसताना! म्हणून कडेला उभे खुंट आणि तळाच्या पाइपांना पाचरी लागतात. पाचर केवढी? वळणावर, हेलकाव्यात मालाच्या वजनाच्या निम्मा आडवा रेटा धरतात. शिवाय उसळीमुळे माल 30 टक्के हलका होतो असंही गृहीत धरतात. त्या हिशेबाने अशा पाइपला किमान साडेअकरा सेंमी उंचीची पाचर हवी. हाताला लागेल तो लाकडाचा तुकडा चालत नाही.

पण खरी गंमत लांबीच्या दिशेला आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ माशेन नावाचं प्रचंड यार्ड आहे. तिथे वाघिणी टेकाडावरून सोडतात. त्या आपल्याच वजनाने उतरत खालच्या रांगेला जाऊन भिडतात. समजा, ताशी 8 किमी वेगाची वाघीण 6 सेंमी अंतरात थांबली. झटका गुरुत्वाकर्षणाच्या चौपट! आपल्या 7 टनी पाइपला गच्च जखडलं असेल, तर बांधणीवर 28 टनांचा ताण येणार.

आता तोच पाइप लाकडी आडव्यांवर ठेवून पुढेमागे सरकायला मोकळा सोडा. लाकूड आणि पोलाद यांचा घर्षणांक 0.4 धरला, तर घर्षण जेमतेम 2.8 टनांनी त्याला धरून ठेवतं, आणि साठेक सेंटिमीटर घसरून पाइप मुकाट थांबतो. युरोपातले भरणीचे नियम हा फरक मानतात: जखडलेल्या मालाला वजनाच्या चौपट रेटा, सरकणाऱ्याला वजनाइतकाच. सरकायला जागा तेवढी ठेवावी लागते. आपल्याकडे मालगाड्या बहुधा अख्ख्या रेकने, म्हणजे वाघिणींची सगळी रांग न तोडता धावतात, त्यामुळे असे धक्के कमी. पण शंटिंग, म्हणजे यार्डात वाघिणी जोडणं-तोडणं, चुकत नाही.

मात्र लाकूड काढलं आणि पोलादावर पोलाद आलं, की घर्षणांक 0.15 वर उतरतो. मग पाइप साठ सेंटिमीटर नाही, दीड मीटरहून जास्त जाईल. गंज टाळायला पॉलिथिनचा थर दिलेले पाइप तर आणखी निसरडे, वर ओरखडाही चालत नाही. म्हणून साखळीऐवजी रुंद पट्टे, आणि पाइपांच्या मध्ये रबर किंवा दोराची कडी.

पट्ट्यांची एक खोड आहे. गाडीच्या थरथरीने पाइप खाचांत नीट बसत जातात, ढीग किंचित खाली येतो, आणि निघताना तारेसारखा ताणलेला पट्टा काही किलोमीटरांत सैल पडतो. ट्रकवाला धाब्यावर चहा पिता पिता तो पुन्हा आवळून घेतो. मालगाडीच्या लोको पायलटला ते जमत नाही. पुढच्या तपासणीच्या यार्डात टीएक्सआरचा, म्हणजे गाडी तपासणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याचा, हात पट्ट्यावर पडेपर्यंत ढिगाची भिस्त खुंटांवर आणि पाचरींवरच.