हृदय : रचना आणि रक्ताचा प्रवास

हृदय हा छातीच्या पिंजऱ्यात, दोन फुप्फुसांच्या मधोमध असलेला स्नायूंचा पोकळ अवयव. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते आणि आकार ज्याच्या त्याच्या बंद मुठीएवढा असतो. हृदय डावीकडे असते हे अर्धेच खरे. ते मध्यरेषेवरच असते, पण त्याचा दोन-तृतीयांश भाग डावीकडे कललेला असतो. त्याचे खालचे टोक डाव्या बाजूच्या पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या फटीपाशी येते, म्हणून ठोका तिथे हाताला लागतो. भोवती हृदयावरण नावाची दुपदरी पिशवी असते. दोन पदरांमधल्या थोड्याशा द्रवामुळे घर्षण होत नाही.

रचना समजून घेताना एक गोष्ट आधी पक्की करावी : हा एक पंप नसून शेजारी शेजारी असलेले दोन पंप आहेत. उजवा फक्त फुप्फुसांना रक्त पुरवतो, डावा उरलेल्या सगळ्या शरीराला. प्रत्येकात वर रक्त गोळा करणारे अलिंद, खाली रक्त ढकलणारे निलय, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये सलग पडदा. दोन्ही पंप दर ठोक्याला सारखेच रक्त पुढे पाठवतात, फरक आहे तो दाबाचा. फुप्फुसे जवळ आणि त्यांतला विरोध कमी, त्यामुळे उजव्या निलयाला पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर दाबात भागते. डाव्याला १२० लागतात. म्हणूनच उजव्या निलयाची भिंत ३ ते ५ मिलिमीटर, तर डाव्याची जवळपास १ सेंटिमीटर जाड असते.

हा फरक बोटांनी पाहायचा असेल तर बोकडाचे हृदय उत्तम. त्याचे कप्पे, झडपा आणि रक्ताची वाट माणसासारखीच असते. सांगली-मिरजेत कुठल्याही मटणाच्या दुकानात ते मिळते, मात्र वरच्या नळ्या दोन बोटे तरी ठेवायला आधीच सांगावे लागते, नाहीतर त्या मुळापासून कापलेल्या असतात. अंगठ्याने दाबल्यावर जी बाजू सहज आत जाते ती उजवी, जी घट्ट लागते ती डावी. समोरून तिरकी उतरणारी चरबीची खाच दिसते. तिच्या आत मधला पडदा असतो. महारोहिणीत, म्हणजे डाव्या निलयातून निघणाऱ्या जाड भिंतीच्या मुख्य नळीत, वरून पाणी ओतले की मुळाशी असलेल्या झडपेची तीन दले फुगून मिटतात आणि पाणी अडते. त्या दलांच्या किंचित वर दोन बारीक छिद्रे दिसतात. हृदयाला स्वतःचे रक्त तिथून मिळते.

रक्ताची वाट अशी. शरीरभर फिरून आलेले, सुमारे ७० ते ७५ टक्के ऑक्सिजनसंपृक्त रक्त वरच्या आणि खालच्या महानीलेतून उजव्या अलिंदात येते. त्रिदली झडपेतून ते उजव्या निलयात आणि तिथून फुप्फुस रोहिणीने फुप्फुसांत जाते. साधारणपणे चार फुप्फुस नीला ऑक्सिजनने भरलेले रक्त डाव्या अलिंदात आणतात. मग द्विदली म्हणजे मिट्रल झडप, डावे निलय आणि महारोहिणी. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात, कारण फुप्फुस रोहिणीत कमी ऑक्सिजनचे रक्त असते. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे आणते ती नीला, एवढेच ध्यानात ठेवावे.

झडपांना स्वतःची हालचाल नसते. पुढचा-मागचा दाब बदलला की त्या उघडतात, मिटतात. अलिंद आणि निलयांमधल्या झडपांची दले पांढऱ्या चिवट दोऱ्यांनी निलयाच्या भिंतीवरच्या स्नायूंना बांधलेली असतात, म्हणून ती उलटी अलिंदात जात नाहीत. या झडपा मिटताना ‘लब्’ आणि मोठ्या रोहिण्यांच्या झडपा मिटताना ‘डब्’ ऐकू येतो. निलयात सुमारे १२० ते १३० मिलिलिटर रक्त भरते आणि त्यातले ७० बाहेर जाते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हे ५ लिटर होतात. जोर-बैठका मारणाऱ्या धडधाकट पैलवानात १५ ते २० लिटरपर्यंत जातात.

ठोक्याची ठिणगी उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातल्या नैसर्गिक पेसमेकरमधून निघते. अलिंद आणि निलयांच्या सीमेवर ती सुमारे ०.१ सेकंद थांबते. या विलंबामुळे अलिंदांना रिकामे व्हायला वेळ मिळतो.

डाव्या निलयाच्या स्नायूला मुख्यतः हृदय शिथिल असताना रक्त मिळते, कारण आकुंचनात आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. ठोके वाढले की शिथिलतेचा वेळ घटतो आणि गरज मात्र वाढते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी हृदय रोहिणी चरबीच्या थराने अरुंद झालेली असेल तर चढ चढताना छातीत दुखते आणि थांबल्यावर उतरते, ते यामुळे.

बिघाड या रचनेतूनच समजतात. पडद्याला जन्मतः छिद्र असेल तर जास्त दाबाच्या डाव्या बाजूचे रक्त उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांवर ताण येतो. संधिवाती तापात मिट्रल झडपेची दले चिकटून तिचे तोंड माशाच्या तोंडासारखे अरुंद होते. निरोगी झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते, ती १.५ च्या खाली आली की रक्त डाव्या अलिंदात तुंबते आणि मागे फुप्फुसांत दाब वाढून धाप लागते. या तापाचे मूळ बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या घशातल्या जंतुसंसर्गात असते. ऊसतोडीच्या हंगामातल्या दाटीच्या खोपटांमध्ये असा संसर्ग पटकन पसरतो. ताप येऊन गेलेल्या मुलाला दर ३ ते ४ आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. कुटुंब गाव बदलते तेव्हाच नेमका डोस चुकतो, म्हणून नोंदीचा कागद पालकांनी जवळच ठेवावा.

हृदय रोहिणीवरचा थर फाटून गुठळी झाली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू साधारण २० ते ४० मिनिटांत मरायला लागतो. हा हृदयविकाराचा झटका. जत किंवा आटपाडीहून मिरज गाठायला दीड-दोन तास जातात, तेव्हा थेट मोठ्या दवाखान्याकडे निघण्यापेक्षा १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घेणे महत्त्वाचे. तो पोहोचल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा. ईसीजीत रोहिणी पूर्ण बंद झाल्याची खूण असेल आणि अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रोहिणी आतून फुग्याने उघडणे, १२० मिनिटांत होणार नसेल, तर रक्तस्रावाचा धोका नाही हे तपासून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देतात आणि मग रुग्णाला पुढे पाठवतात.