जॅकार्डचा पुठ्ठा आणि शिकलेलं यंत्र

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या टपरीवर परवा वाद रंगला होता. विषय सध्या सगळीकडे चालतो तोच: एआय आलं, आता माणसाचं काय? आमचे एक काका, आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, चहा संपवून म्हणाले, "काय नवीन सांगालास बे? आमच्या मागावर कंप्युटर येऊन किती वर्षं झाली. एआयच की ते."

काकांनी जी गल्लत केली ती व्यासपीठावरचे वक्तेही करतात. टाकी भरली की आपोआप बंद होणाऱ्या मोटारीपासून चॅटजीपीटीपर्यंत सगळं एकाच पोत्यात भरतात आणि मग त्या पोत्याला घाबरायचं की हार घालायचा यावर भांडतात. पोत्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक यंत्र सांगितलेलं करतं, दुसरं उदाहरणं बघून शिकतं. हा फरक कळायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही, अंगावरची चादर पुरते.

आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र उभं केलं. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, तेवढा धागा उठतो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक पुठ्ठा, बाण्याचा, म्हणजे त्या आडव्या धाग्याचा, एक फेरा.

लहानपणी मी काकांना नक्षीतला एक मोर दुरुस्त करताना पाहिलंय. चोचीखाली प्रत्येक चादरीत एक धागा चुकत होता. त्यांनी माळ उलगडली, एकेक पुठ्ठा ट्यूबलाइटकडे धरला, आणि एका भोकात सुताचं तूस अडकलेलं सापडलं. काडीनं काढलं, मोर बरा झाला. सांगितलेलं करणाऱ्या यंत्राचं हे लक्षण नीट लक्षात ठेवा: चूक कुठं आहे यावर बोट ठेवता येतं, आणि भोक कुणी पाडलं तेही सांगता येतं.

हीच युक्ती पुढं गणकयंत्रात गेली. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी जॅकार्डसारखेच पुठ्ठे योजले. त्या यंत्राबद्दल १८४३ साली गणिताची जाणकार एडा लव्हलेसने लिहिलं, की ते स्वतःहून काही नवं काढत नाही; आपण सांगू शकतो तेवढंच करतं. आताच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पुठ्ठे गेले, नक्षी पेन ड्राइव्हवर येते. तरी कुठला धागा उचलायचा हे माणसानंच आधी ठरवलेलं असतं. म्हणून काकांच्या मागावरचा कंप्युटर म्हणजे एआय नव्हे. तो जॅकार्डचाच नातू.

दुसरी जात अशी. कापडातले दोष ओळखणारा कॅमेरा घ्या. त्याला 'तुटलेला धागा म्हणजे काय' याची व्याख्या कुणी लिहून देत नाही. चांगल्या कापडाचे आणि दोषांचे ढीगभर फोटो दाखवतात. तो चुकला की आतले आकडे जरासे हलवले जातात, पुन्हा फोटो, पुन्हा हलवाहलव. शेवटी जे उरतं ते आकड्यांचं जाळं. लिहिणारं एआयसुद्धा याच पद्धतीनं तयार होतं, फक्त फोटोंऐवजी मजकूर, आणि ओळखायचा तो पुढचा शब्द. २०२० च्या जीपीटी-३ या लिहिणाऱ्या एआयमध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते. जॅकार्डचं स्वतःचं एक रेशमी चित्र मागावर विणलं होतं, त्याला २४,००० पुठ्ठे लागले. फार वाटतात, पण त्यातलं प्रत्येक भोक कुणीतरी हेतूनं पाडलेलं होतं. त्या १७,५०० कोटींतला एकही आकडा कुणी हातानं लिहिलेला नाही. मोराची चोच चुकली तर काडी कुठं घालणार?

म्हणून दोघांना विचारायचे प्रश्नही वेगळे. पहिल्या यंत्राबाबत भांडण मजुरीचं: माग वाढले, हात किती लागणार, पीसमागे दर काय. १८३१ साली लियाँच्या विणकरांनी उठाव केला तोही दरासाठीच होता. 'यंत्राला घाबरलेले अडाणी' हे त्यांचं वर्णन मला खोटं वाटतं. दुसऱ्या यंत्रालाही मजुरीचा प्रश्न चुकत नाही, पण त्याच्या आधी आणखी एक येतो: शिकलं कुणाच्या मालावर? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या नावाला संरक्षण आहे, पण शहराच्या पूर्व भागातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या नक्ष्यांचे फोटो इंटरनेटवर पडलेले आहेत. उद्या कुणी 'सोलापुरी चादरीसारखी नक्षी दे' म्हटलं आणि चित्र आलं, तर त्यात कुणाचा हात होता हे यंत्रालाही सांगता येणार नाही.

हे सगळं मी टपरीवर सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आले. "तो कॅमेरा चादर नापास करतो. मग दोष कुठला ते कारागिराला दाखवतो का?"

काही कॅमेरे दोषाच्या जागेवर चौकट काढून दाखवतात, मी म्हणालो. पण तो दोषच का वाटला, हे बहुतेक वेळा सांगत नाहीत.

"आणि पैसे कापायचे कुणाचे?"

ते कारखानदार ठरवणार. काका उठले, चहाचे पैसे दिले, माझेही.