गुन्ह्याची समाजशास्त्रीय कारणमीमांसा : कुणाला मोजले आणि कुठे

न्यायालयीन आकडे दरवर्षी छापायला फ्रान्सने १८२७ मध्ये सुरुवात केली. गुन्हे करणारी माणसे बदलत होती, पण गुन्ह्यांचे प्रमाण फारसे हलत नव्हते. तेव्हा कारण माणसाच्या बाहेरही शोधावे लागेल, असा विचार तिथून रुजला. या आकड्यांवरून काढलेल्या १८३३ च्या नकाशांत तर मालमत्तेचे गुन्हे सधन विभागांत जास्त दिसले. दारिद्र्य आणि गुन्हा यांचे सरळ समीकरण त्याच वेळी अडखळले होते, तरी पुढे शंभर वर्षे ते चालतच राहिले.

आजच्या उपपत्तींपैकी बऱ्याच शिकागोतल्या कामावर उभ्या आहेत. तिथे बालन्यायालयापुढे आलेल्या मुलांचे घरचे पत्ते नकाशावर मांडले गेले. शहराचे साधारण एकेक चौरस मैलाचे भाग पाडून प्रत्येक भागातल्या त्याच वयोगटातल्या दर शंभर मुलग्यांमागे किती जण न्यायालयात आले, हा दर काढला. हे तीन कालखंडांसाठी केले : १९००–०६, १९१७–२३ आणि १९२७–३३. मध्यवर्ती बाजारपेठेलगतच्या पट्ट्यात दर सर्वाधिक, आणि बाहेर जावे तसा उतरत जाणारा. या पट्ट्यात राहणारे स्थलांतरितांचे गट या काळात बदलत गेले, पण दर चढेच राहिले. एक गट तिथून बाहेर पडला की त्याच्या मुलांचा दर घसरे. दोष वंशात शोधणाऱ्यांना याहून नेमके उत्तर तोवर मिळाले नव्हते. १९४२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा : दारिद्र्य, रहिवाशांची सततची ये-जा आणि मिश्र वस्ती यांमुळे शेजाऱ्यांचे एकमेकांवरचे आणि मुलांवरचे लक्ष सुटते. यालाच सामाजिक विघटन म्हटले गेले.

सगळा वाद मात्र मोजणीच्या एका निर्णयाभोवती आहे. नकाशावर टिंब पडले ते मुलाच्या घरावर. गुन्हा जिथे घडला ती जागा नोंदलीच गेली नाही. संशोधकांना मुले कुठे घडतात हे पाहायचे होते, म्हणून त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण न्यायालयापर्यंत कोण पोहोचते हे पोलिसांची गस्त कुठे आहे यावरही ठरते. सुस्थितीतल्या घरातला मुलगा सापडला तर पालकांना बोलावून समज दिली जाते आणि प्रकरण तिथेच मिटते. म्हणजे नकाशावर मुलांच्या वागण्याबरोबर यंत्रणेचे वागणेही उमटत होते, आणि दोन्ही वेगळे काढायची सोय नव्हती. दुसरी अडचण तर्काची. काही अभ्यासक वाढती गुन्हेगारी हाच विघटनाचा पुरावा धरू लागले. मग जे कारण, तेच कार्य. शिवाय परिसराचा दर जास्त आहे एवढ्यावरून तिथल्या एखाद्या मुलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हा सांख्यिकीय दोष १९५० मध्ये गणिताने दाखवला गेला, तरी धोरणांच्या कागदपत्रांत तो आजही सर्रास आढळतो.

शिकागोतल्या कामाच्याच सुमारास ताण उपपत्ती (समाजाने दाखवलेली ध्येये आणि ती गाठायचे वैध मार्ग यांतल्या तफावतीतून गुन्हा उपजतो, १९३८) आणि संगतीतून गुन्हा शिकला जातो ही मांडणी (अंतिम रूप १९४७) पुढे आली. दुसरीच्या कर्त्याने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे कायदाभंगाचे ९८० निर्णय मांडले. गुन्हा फक्त गरीब वस्तीत शोधण्याच्या सवयीला हा सगळ्यात मोठा धक्का होता, आणि अभ्यासक्रमात त्याला आजही पुरेशी जागा मिळत नाही.

१९५० च्या दशकात मुलांनाच निनावी प्रश्नावल्या देऊन ‘तुम्ही काय केले’ असे विचारायला सुरुवात झाली. वर्गावर्गांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. यंत्रणाच गुन्हेगार घडवते, असे म्हणणाऱ्या शिक्का सिद्धांताला त्याने बळ मिळाले. पण या प्रश्नावल्यांतही खोट होती. शाळा बुडवणे, किरकोळ चोरी असेच प्रश्न जास्त. आणि उत्तराचा शेवटचा पर्याय बहुधा ‘तीन किंवा अधिक वेळा’. तीनदा करणारा आणि दोनशे वेळा करणारा एकाच रकान्यात बसत. १९८० मध्ये ही मर्यादा काढून गंभीर गुन्हे आणि खरी वारंवारता विचारली गेली, तेव्हा वर्गाचा फरक पुन्हा दिसला. मुख्यतः वारंवार गंभीर गुन्हे करणाऱ्या थोड्या मुलांमध्ये.

१९७९ मध्ये प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत समृद्धी वाढली तशी चोरीही वाढली, ते का? दिवसा रिकामी राहणारी घरे आणि उचलून नेण्याजोग्या हलक्या, महाग वस्तू, हे उत्तर दिले गेले. इच्छुक गुन्हेगार, सोपे लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव हे तिन्ही एका वेळी एका जागी आले की गुन्हा घडतो. इच्छा कुठून येते, हे या मांडणीने बाजूला ठेवले.

विघटनाचा मुद्दा १९९७ मध्ये परतला. शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारले गेले की मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी मध्ये पडतील का. परस्परांवरचा विश्वास आणि मध्ये पडण्याची तयारी जिथे जास्त, तिथे हिंसाचार कमी आढळला. कारण आणि कार्य आता दोन वेगळ्या मापांनी मोजले गेले होते.

वस्ती बदलून काय होते, हे तपासायला १९९४ पासून पाच अमेरिकी शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबे चिठ्ठी टाकून गटांत विभागली गेली. काहींना कमी दारिद्र्याच्या भागात घर घेण्यासाठी भाडेसाहाय्य मिळाले. तिकडे गेलेल्या कुटुंबांतल्या मुलींच्या अटका घटल्या. मुलग्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका सुरुवातीला घटल्या, पण काही वर्षांनी त्यांच्या मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठीच्या अटका वाढल्या. इथेही मोजल्या गेल्या त्या अटकाच.