लिनक्सवर प्रिंटर-वेबकॅम चालत नाही, हे खरं आहे का?

नागपूरच्या सीताबर्डीत कॉम्प्युटर घ्यायला गेलं की अजूनही कोणी ना कोणी सांगतेच, भाऊ विंडोजच्या जागी लिनक्स नका टाकू, त्याच्यावर प्रिंटर, वेबकॅम काहीच चालत नाही, एकेकाचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) शोधत बसा लागते. वीस वर्षांआधी यात बरंच तथ्य होतं, आता नाही.

कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, बहुतेक यूएसबी वेबकॅम हे ठरलेल्या कॉमन स्टँडर्डवर चालतात, म्हणून विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, लावलं की चालू, आणि लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतात, सीडी-बिडी काही लागत नाही. प्रिंटरचं तर ऐका, लिनक्स ज्या कप्स (CUPS) नावाच्या प्रिंटिंग सॉफ्टवेअरवरून प्रिंट काढतो तेच कप्स ॲपलनं २००२ मध्ये मॅकमध्ये घेतलं, अन् मोबाइलवरून थेट प्रिंट देणारे आजचे वायफाय प्रिंटर लिनक्सवर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. उलट ज्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा आहे तो ६४-बिट विंडोजवर अडतो, तोच लिनक्सवर कितीदा तरी चालून जातो!

अडचण कुठे येते तेही सांगतो. काही ब्रॉडकॉम वायफाय चिप, लॅपटॉपचे काही फिंगरप्रिंट सेन्सर, अन् कंपनीचाच ड्रायव्हर मागणारे काही स्वस्त लेझर प्रिंटर, हे त्रास देतात, खरंच देतात. म्हणून मशीनवर काही न टाकता आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) चालवा, वायफाय, आवाज, प्रिंट सगळं तपासा, मगच ठरवा.