शिडी व उंचीवरील काम (खिडक्यांची सफाई, गोवा)

शिडी व उंचीवरील काम : जिथून पडल्यास माणसाला इजा होऊ शकते अशा कोणत्याही जागी केलेले काम. प्रस्तुत नोंद गोव्यातील इमारतींच्या खिडक्या बाहेरून पुसणाऱ्या कामगारांपुरती मर्यादित आहे. ‘उंची’ कितीपासून मोजावी याबाबत एकवाक्यता नाही. अमेरिकेत सर्वसाधारण उद्योगांसाठी ४ फूट व बांधकामासाठी ६ फूट ही मर्यादा आहे. ब्रिटनने २००५ च्या नियमांत २ मीटरची जुनी अट वगळली. भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३२ पडण्याचा संभव एवढाच निकष धरत असे, आकडा देत नसे. गोव्यातील घरे बहुधा एक-दोन मजली असल्याने आकडा न देणारी पद्धतच येथे अधिक सयुक्तिक वाटते. फरशीवर डोके आपटले तर दीड मीटरवरून पडणेही जिवावर बेतू शकते.

गोव्यात शिडीला कोकणीत ‘निसण’ म्हणतात. हा शब्द संस्कृत निःश्रेणि, प्राकृत णिस्सेणि यांवरून आला, हे सर्वमान्य आहे; गुजराती ‘निसरणी’ त्याच कुळातली. ‘शिडी’ची व्युत्पत्ती तितकी सरळ नाही. ती हिंदी ‘सीढी’शी सजातीय असून दोहोंचे मूळ ‘श्रि’ (टेकणे, आश्रय घेणे) या धातूकडे नेण्याचा अभ्यासकांचा कल आहे, पण मधले संस्कृत रूप अनुमानितच आहे. निःश्रेणीतही हाच धातू दिसत असल्याने हा कल ग्राह्य धरण्यास हरकत नाही. ‘जनेल’ (खिडकी) पोर्तुगीज ‘जनेला’वरून आला. मराठीतील ‘परांची’ (उंचावरील कामासाठी बांधलेला मचाण) हा शब्द ऐकताना पोर्तुगीज ‘प्रांशा’ (फळी) आठवतो; मात्र केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरवणे धाडसाचे होईल.

भिंतीला टेकवलेल्या शिडीचा कोन सुमारे ७५ अंश असावा, हा नियम जवळपास सर्व नियमावल्यांत सापडतो. तो मोजण्याच्या रीती दोन आहेत. ब्रिटिश रीतीत ४ मीटर उंचीला पायथा भिंतीपासून १ मीटर दूर ठेवतात. अमेरिकी रीतीत शिडीच्या वापरातील लांबीचा चौथा हिस्सा धरतात. पहिल्या रीतीने कोन सुमारे ७६ अंश येतो, दुसरीने साडेपंचाहत्तर. प्रत्यक्ष कामात हा फरक नगण्य आहे. महत्त्वाचे आहे ते पायथ्यावर येणाऱ्या आडव्या जोराचे गणित. भिंत गुळगुळीत मानली व शिडीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर माथ्यापर्यंत चढलेल्या माणसाच्या वजनाच्या सुमारे २७ टक्के जोर ७५ अंशांतल्या शिडीचा पायथा बाहेर ढकलतो. ६० अंशांत तो ५८ टक्क्यांवर जातो. हा जोर माणूस जसजसा वर चढतो तसतसा वाढत जातो. खालच्या पायरीवर उडी मारून ‘शिडी पक्की आहे’ अशी खात्री करून घेण्याची सवय त्यामुळेच फसवी ठरते : घसरायची शिडी तळाशी नव्हे, वर पोचल्यावर घसरते. खाली एकाने शिडी धरून उभे राहणे हा शेवटचा उपाय; शिडी वरच्या टोकाशी बांधून घेणे केव्हाही बरे.

या जोराला अडवते ते पायथ्याचे जमिनीशी होणारे घर्षण; गोव्यात ते जून ते सप्टेंबर या महिन्यांत भरवशाचे राहत नाही. चिऱ्याचे अंगण, कोबा आणि व्हरांड्याच्या लाद्या शेवाळतात, आणि काचांवर डाग पडून सफाईची मागणी याच सुमारास वाढते. खारा वारा लोखंडी शिडीचे सांधे व झुल्याच्या (उंच इमारतीवर दोरांनी टांगलेल्या फलाटाच्या) कप्प्या कुरतडतो. लाकडी वा बांबूची शिडी रंगवू नये, कारण रंगाखाली चीर दिसत नाही. पारदर्शक वॉर्निश चालते. वाड्यावाड्यांतून घरांलगत जाणाऱ्या वीजतारा हा वेगळा धोका आहे. कमी दाबाच्या तारा इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर असाव्यात असा दंडक आहे. पण सहा मीटरची ॲल्युमिनियमची शिडी उभ्या स्थितीतच दुसऱ्या खिडकीकडे नेताना जराशी कलली तरी हे अंतर संपते. तारेजवळ फायबरग्लासची शिडी वापरावी आणि जागा बदलताना ती आडवी करूनच न्यावी.

कायद्याची स्थिती विस्ताराने पाहण्यासारखी आहे. मुक्तीनंतर भारतीय कामगार कायदे गोव्यात टप्प्याटप्प्याने लागू झाले व कारखान्यांवरील देखरेख पणजीच्या कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे आली. मात्र १९४८ च्या अधिनियमाने कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल व उपाहारगृह स्पष्टपणे वगळले होते, आणि किनारपट्टीवर काचेचे मोठे दर्शनी भाग असतात ते हॉटेलांनाच. बांधकाम कामगारांविषयीचा १९९६ चा अधिनियम दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता; कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा अधिनियम वीस कामगारांपासून लागू होई. शिडी, बादली व रबरी पट्टी घेऊन निघणारी दोघातिघांची टोळी या सर्वांच्या फटीत राहिली. शिवाय १९९६ च्या अधिनियमात ‘देखभाल’ हा शब्द आहे, पण काच पुसणे ही देखभाल की रोजची झाडलोट, असा प्रश्न उरतो. धोका कामाच्या नावाने नव्हे तर उंचीने ठरतो, हे लक्षात घेता व्यापक अर्थ स्वीकारणे योग्य वाटते. हे तिन्ही अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. संख्येच्या अटी तिच्यातही आहेत.

तांत्रिक बाबींसाठी भारतीय मानक ३६९६ (भाग २, १९९१) शिड्यांविषयी, तर ३५२१ कमरपट्टे व हार्नेस (पडताना माणसाला धरून ठेवणारे, अंगाला बांधायचे पट्टे) यांविषयी आहे. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार शिडी कमी जोखमीच्या, साधारण अर्ध्या तासापर्यंतच्या कामालाच वापरावी, टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये आणि शरीराचे तीन बिंदू (दोन पाय व एक हात) शिडीला लागलेले असावेत. यातला शेवटचा नियम खिडकी पुसणाऱ्याला सर्वांत जड जातो. एका हातात फडके, दुसऱ्यात पट्टी असते. बादली शिडीला आकड्याने अडकवली की निदान एक हात मोकळा होतो.

हार्नेस घातले की माणूस सुरक्षित, ही समजूत गोव्याच्या ठेंगण्या इमारतींत धोक्याची आहे. सुमारे १.८ मीटरची दोरी, धक्का शोषताना उलगडणारा पट्टा, माणसाची स्वतःची उंची व राखीव अंतर मिळून नांगरबिंदूखाली (दोरी जिथे बांधतात त्या जागेखाली) साधारण ५ ते ६ मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली ती नसते. दोरी ताणण्याआधीच माणूस जमिनीवर असतो. तिथे पडणे अडवणाऱ्या हार्नेसऐवजी कडेपर्यंत पोचूच न देणारी आखूड दोरी, परांची किंवा जमिनीवरूनच चालवायचा, टोकाच्या ब्रशातून पाणी सोडणारा लांब दांडा वापरावा. उंच इमारतीत झुल्यावरून निसटून हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणारा माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, म्हणून त्याला खाली उतरवण्याची दोरी व माणसे काम सुरू होण्यापूर्वीच गच्चीवर असावी लागतात.

जुन्या गोमंतकीय घरांतील शिंपल्यांच्या खिडक्या या चर्चेत वेगळ्या पडतात. प्लॅक्यूना प्लॅसेंटा या शिंपल्याचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून त्या केलेल्या असतात. दांड्याच्या पाण्याचा जोर त्यांना सोसत नाही. त्या आतून, तावदान उघडून, कोरड्या मऊ फडक्याने पुसतात, आणि त्यासाठी शिडी लागतच नाही.