प्रोग्रॅम बदलतो, फाइल उरते: एम्बेडेड डेटाबेसची पार्श्वभूमी

गोव्यात फोंडा महालातल्या एखाद्या देवस्थानाच्या कचेरीतल्या संगणकावर मुख्यतः दोन गोष्टी असतात: अभिषेकाच्या नि इतर सेवांच्या पावत्या आणि महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांची, यादी. पावत्यांचं काम वर्षअखेरच्या हिशेबापुरतं. महाजनांची यादी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासून तिला कायद्याचं वजन आहे. असल्या कचेरीला वेगळा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. डेटाबेस प्रोग्रॅमच्याच पोटात असतो आणि सगळा डेटा डिस्कवरच्या फाइलीत. हा एम्बेडेड डेटाबेस. म्हापशातलं औषधांचं दुकान, कळंगुटचं छोटं गेस्ट हाउस, गावचं वाचनालय, इथेही हेच चालतं. निवडताना चर्चा वेगाची होते. माझ्या मते आधी विचारावं ते हे, की ही फाइल वीस वर्षांनी कोण उघडणार?

छोट्या कचेऱ्यांत डेटाबेस आला तो डीबेसच्या रूपाने. वेन रॅटलिफ यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९८० च्या सुमारास ॲश्टन-टेट कंपनीने विकायला काढला. पुढे क्लिपर आणि फॉक्सप्रो आले. तिघांचीही डीबीएफ फाइल साधी: वर रकान्यांची माहिती, खाली ठरावीक लांबीच्या नोंदी. नोंदी पटकन शोधायची सूची, म्हणजे इंडेक्स, वेगळ्या फाइलीत. त्यामुळे पावसात वीज गेली की डेटा शाबूत, पण इंडेक्स उडालेला, आणि सकाळी पहिलं काम रीइंडेक्स मारायचं, हे त्या काळी काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

खरी अडचण नावांची होती. डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजात (अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या तक्त्यात) पोर्तुगीज वळणाच्या नावांना लागणारा टिल्डवाला ‘ए’ (ã) नव्हता. देवनागरीसाठी जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारं जोडकार्ड), इस्की (भारतीय लिप्यांची प्रमाण कोडपद्धत) किंवा थेट फॉन्टचे कोड. फाइल उघडायची, पण तो फॉन्ट नसेल तर ‘कामत’च्या जागी भलतीच चिन्हं दिसायची. डेटाबेसच्या लेखी ती नुसती बाइटची रांग होती. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रोची कंपनी घेतली, २००७ मध्ये पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपवला. डीबीएफ मात्र आजही वाचता येते, कारण तिची रचना सर्वांना ठाऊक आहे. हे श्रेय तिला दिलंच पाहिजे.

एसक्यूलाइट या एम्बेडेड डेटाबेसचा जन्म वेगळ्याच गरजेतून झाला. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. पाइप फुटला तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, हे त्या प्रोग्रॅमने सांगायचं. त्याचा डेटा इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर होता, आणि सर्व्हर बंद पडला की ऐन संकटात पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढंच उमटायचं. डेटा तर जहाजावरच आहे, मग मध्ये सर्व्हर कशाला, या विचारातून ऑगस्ट २००० मध्ये पहिली आवृत्ती आली. ती आतून जीडीबीएम ही डेटा साठवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरत असे. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी स्वतःचं बी-ट्री (नोंदी क्रमाने ठेवणारी झाडासारखी रचना) लिहिलं. २००४ मध्ये तिसरी आली, युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक कोडपद्धतीचा, नीट आधार घेऊन, पण फाइलीचा साचा बदलून. दुसरीची फाइल तिसरीत उघडत नाही; जुन्या प्रोग्रॅमने डम्प (सगळ्या डेटाचा मजकूररूप उतारा) काढायचा आणि नव्यात भरायचा. त्यानंतर मात्र साचा जपला गेला. २००४ ची फाइल आजची आवृत्ती उघडते, आणि २०५० पर्यंत आधार देण्याचा विकासकांचा बेत आहे. हा शब्द मला कोणत्याही वेगाच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

तरी अपग्रेड म्हणजे नुसती लायब्ररी बदलणं नव्हे. २०१० मध्ये आलेली वॅल पद्धत (बदल आधी वेगळ्या नोंदवहीत, मग मुख्य फाइलीत) चालू केली की मुख्य फाइलीशेजारी ‘वॅल’ नावाची दुसरी फाइल दिसू लागते, आणि ताज्या नोंदी काही काळ तिथेच असतात. संध्याकाळी प्रोग्रॅम चालू असताना फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तर दिवसभराच्या शेवटच्या पावत्या तिच्यात नसण्याची शक्यता असते. बॅकअपचा आदेश किंवा २०१९ पासूनचं ‘व्हॅक्यूम इनटू’ (डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलीत काढणारा आदेश) वापरावं.

दुसरी गोष्ट रकान्यांच्या प्रकारांची. एसक्यूलाइट पूर्णांकाच्या रकान्यातही मजकूर ठेवू देतं. कारकुनाने देवनागरी अंकांत ‘५०१’ टाइप केलं आणि प्रोग्रॅमने ते तपासलं नाही, तर ते मजकूर म्हणून साठतं आणि बेरजेत शून्य धरलं जातं. पावतीवर ५०१ छापलेले, एकुणात मात्र काहीच नाही. २०२१ मध्ये आलेली स्ट्रिक्ट तक्त्यांची सोय अशी नोंद दारातच अडवते, म्हणून नवा तक्ता करताना ती मी आग्रहाने वापरतो.

इतर एम्बेडेड डेटाबेसचा प्रवास इतका सरळ नाही. बर्कली डीबी उत्तम, पण २००६ मध्ये ते ओरॅकलकडे गेलं आणि २०१३ मध्ये परवाना एजीपीएल (वापरणाऱ्यालाही आपला सोर्स खुला करायला लावणारा) झाला. बंद सोर्सचा माल विकणाऱ्यांना पर्याय शोधावा लागला. जावावाल्यांच्या एचटूची २.० आवृत्ती २०२१ च्या अखेरीस आली, आणि १.४ ची फाइल तिच्यात उघडेना. लगोलग जानेवारी २०२२ मध्ये जुन्या आवृत्त्यांच्या कन्सोलमधली (नियंत्रणाच्या पडद्यातली) गंभीर त्रुटी जाहीर झाली, त्यामुळे थांबायचीही सोय उरली नाही. जुन्या जारने (जावाच्या प्रोग्रॅम फाइलीने) स्क्रिप्ट काढा, नव्याने चालवा. त्यातही ‘व्हॅल्यू’ नावाचा रकाना असेल तर तो आता राखीव शब्द. जुनी जार फाइल जपून ठेवणारे त्या वेळी सुटले. विश्लेषणासाठीचं डकडीबी २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅममधून आलं. त्याची फाइल पुढच्या आवृत्तीत उघडेल याची हमी २०२४ च्या १.० आवृत्तीपासूनची.

देवनागरीचा प्रश्न युनिकोडने बराचसा सुटला, पुरता नाही. एसक्यूलाइट मुळात अक्षरांच्या कोडप्रमाणे क्रम लावतं, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच, ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून महाजनांच्या यादीत ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी लागतात. आयसीयू या भाषांचे क्रम जाणणाऱ्या लायब्ररीची जोड देऊन मराठीचा क्रम निवडला की हे सुधारतं. पण त्या क्रमावर बांधलेले इंडेक्स आयसीयूची आवृत्ती बदलल्यावर पुन्हा बांधून घ्यावे लागतात, आणि आयसीयूविना बनवलेला प्रोग्रॅम त्या क्रमाच्या क्वेरी चालवूच शकत नाही.